बाह्य हार्ड डिस्क : तिचा पूर्वेतिहास व तिच्या दुखण्याचें निदान

सुशिक्षित मराठी कुटुंबाच्या कपाटांत हल्लीं दागिन्यांच्या डब्याशेजारीं हाताच्या पंजाएवढी एक काळी, चपटी पेटी बहुधा सांपडते. तिला बाह्य हार्ड डिस्क म्हणतात. मुलांच्या बारशापासून आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनापर्यंतचीं छायाचित्रें, घराच्या खरेदीखताची प्रतिमा, कन्येच्या प्रबंधाचा मसुदा, इतकेंच नव्हे तर एखाद्या संशोधकानें गांवोगांव हिंडून मिळविलेल्या मोडी कागदांच्या प्रतिमा, असा सर्व ऐवज तिच्या पोटांत असतो. दागिना हरवला तर तसाच दुसरा घडवितां येतो. या पेटींतील ऐवज गेला तर तो पुन्हां घडवितां येत नाहीं. असें असूनहि ही पेटी एखादे दिवशीं लहरीपणें वागूं लागते. आज दिसते, उद्यां दिसत नाहीं. निम्म्या फाईली नकलून झाल्या कीं मध्येंच थांबते. संगणक तिला कधीं ओळखतो, कधीं परकी मानतो. क्वचित् तिच्या आंतून टक् टक् असा आवाज येऊं लागतो.

मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतो, पेटीला टिचकी मारा. कोणी म्हणतो, रात्रभर फ्रीजमध्यें ठेवा. तिसऱ्याचें मत पडतें कीं, एकदां फॉरमॅट केली म्हणजे ती ताळ्यावर येईल. चवथा आंतील विजेची पाटी बदलावयास सांगतो आणि पांचवा, पेटी फोडून डिस्क सरळ संगणकास जोडा, असें बजावतो. हे सर्व सल्ले केवळ मूर्खपणाचे आहेत असें मात्र समजूं नये. यांतील बहुतेक सल्ले एके काळीं खरे होते, आणि तेच त्यांच्या घातकीपणाचें कारण आहे. जो सल्ला कधींच खरा नव्हता तो लौकर मरतो. जो एकदां उपयोगीं पडला तो आपला काल संपल्यावरहि पिढ्यान् पिढ्या तोंडोतोंडीं चालत राहतो. म्हणून या यंत्राच्या दुखण्याचा विचार करतांना त्याचा इतिहास पाहणें हा केवळ विद्वत्तेचा विलास नव्हे. कोणतें लक्षण व कोणता उपाय कोणत्या काळचा, हें कळल्यावांचून निदान होऊं शकत नाहीं.

१

चुंबकाच्या साहाय्यानें कांहीं नोंदून ठेवण्याची कल्पना आजच्या संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. डेन्मार्कमधील वाल्डेमार पोल्सेन या अभियंत्यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर आवाज नोंदविणारें यंत्र तयार केलें, आणि १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ याचा आवाज त्यावर नोंदविला गेला. तो आजहि ऐकावयास मिळतो. पुढें १९२८ सालीं फ्रिट्झ फ्लॉयमर यानें कागदी फितीवर लोहचूर्णाचा थर देऊन चुंबकीय फीत बनविली. परंतु तार काय किंवा फीत काय, दोहोंचाहि दोष एकच होता. हवी ती नोंद गांठण्यासाठीं तिच्या आधीचें सर्व उलगडावें लागे. पोथी सोडून हवें तें पान काढतां येतें, तशी सोय त्यांत नव्हती.

ही सोय प्रथम चकतीनें केली. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सॅन होझे या गांवीं आय.बी.एम. कंपनीची एक प्रयोगशाळा होती. तिचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखालीं तयार झालेलें यंत्र कंपनीनें सप्टेंबर १९५६ मध्यें जाहीर केलें. ‘रॅमॅक’ या संगणकाचें तें अंग होय. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकाच दांड्यावर बसविलेल्या असून त्या मिनिटास १२०० फेरे घेत. यंत्राचें वजन एक टनाहून अधिक, आणि त्यांत मावत अवघीं ५० लक्ष अक्षरें! हेड म्हणून जें वाचण्या-लिहिण्याचें टोंक असतें, तें चकतीस घासूं नये म्हणून त्यांतून दाबाखालील हवा सोडावी लागे. १९६१ च्या सुमारास चकतीच्या फिरण्यानें आपोआप उत्पन्न होणाऱ्या हवेच्या थरावरच हेड तरंगत ठेवण्याची युक्ति साधली. हा तरंग या यंत्राचा प्राण होय, आणि त्याचें बहुतेक मरणहि त्यांतच आहे.

१९७३ सालीं त्याच कंपनीनें ‘विंचेस्टर’ या टोपण नांवानें प्रसिद्ध झालेली डिस्क आणली. तीस दशलक्ष अक्षरांचे दोन भाग, या तीस-तीसच्या जोडीवरून प्रसिद्ध बंदुकीचें नांव तिला पडलें. चकत्या व हेडें हीं एकाच बंद पेटींत ठेवण्याची व यंत्र थांबल्यावर हलकें हेड वंगण दिलेल्या चकतीवरच टेकूं देण्याची तिची पद्धति पुढें कित्येक वर्षें सर्वत्र रूढ झाली. १९८० सालीं सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची डिस्क काढली, तेव्हां हें साधन टेबलावरील लहान संगणकांत आलें. तिची धारणशक्ति ५ मेगाबाइट, म्हणजे खोलीएवढ्या ‘रॅमॅक’हून थोडी अधिक. १९८८ सालीं अडीच इंची डिस्क निघाली. त्याच सालीं फ्रान्समध्यें अल्बेअर फेर व जर्मनींत पीटर ग्रुनबर्ग यांनीं स्वतंत्रपणें असा शोध लावला कीं, धातूंच्या अतिपातळ थरांची विद्युत्‌रोधकता चुंबकक्षेत्रामुळें मोठ्या प्रमाणावर बदलते. या शोधामुळें अतिशय बारीक चुंबकीय खुणा वाचतां येऊं लागल्या. त्याबद्दल त्या दोघांस २००७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९९६ सालीं यू.एस.बी. ही जोडणी ठरविण्यांत आली, आणि संगणकाच्या पोटांतली डिस्क खिशांत घालून हिंडवितां येईल अशी झाली. आज एक टेराबाइटची पेटी कोठेंहि मिळते. ‘रॅमॅक’च्या मानानें ती अडीच लक्ष पटींहून अधिक मोठी, आणि वजनानें पावशेराच्या आंतबाहेर! या प्रगतीची किंमत अशी कीं, हेड व चकती यांतील अंतर आतां कांहीं नॅनोमीटर एवढेंच उरलें आहे. मनुष्याच्या केंसाची जाडी याच्या कित्येक सहस्र पट भरेल.

२

आतां आरंभीं सांगितलेले सल्ले घेऊं आणि त्यांची तिथि ठरवूं.

टिचकीचा सल्ला विंचेस्टरच्या वंशांतला आहे. यंत्र थांबलें कीं हेड चकतीवर टेकत असे हें वर सांगितलेंच आहे. पृष्ठभाग जों जों गुळगुळीत होत गेले, तों तों हें टेकलेलें हेड चकतीस चिकटून बसूं लागलें. मग चालू करतांना मोटरीस तें सोडवेना. अशा वेळीं बाजूनें हलकेंच टिचकी मारली, तर कधीं कधीं चिकटलेलें हेड सुटे आणि डिस्क फिरूं लागे. सल्ला देणाऱ्यानें हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असे. परंतु १९९५ नंतर विशेषतः लहान डिस्कांत हेड चकतीच्या बाहेर एका उतरणीवर चढवून ठेवण्याची पद्धति आली. तेथें तें चिकटण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. उलट चालत्या डिस्कला बसलेली टिचकी तरंगत्या हेडास चकतीवर आपटूं शकते. औषध तेंच राहिलें, रोग मात्र निघून गेला.

फॉरमॅटचा सल्ला १९८० ते १९९० या दशकांतला. त्या वेळच्या पुष्कळ स्वस्त डिस्कांत हेड एका ठराविक पावलांनीं सरकणाऱ्या मोटरीनें चालत असे. उष्णतेनें व झिजेनें पावलांत फरक पडे आणि जुन्या रेषा हेडास नीट सांपडत नसत. अशा वेळीं सर्व चकती मुळापासून पुन्हां आंखून घेतली, म्हणजे नव्या रेषा हेडाच्या नव्या पावलांस जुळत व डिस्क खरोखर सुधारे. आजच्या डिस्कांवर या मूळ खुणा कारखान्यांतच उमटविलेल्या असतात. घरच्या संगणकास त्या पुन्हां उमटवितां येत नाहींत. आतां फॉरमॅट म्हणजे फक्त अनुक्रमणिका नव्यानें लिहिणें, अथवा फार तर सर्व पानें कोरीं करणें. त्यानें दुखणें बरें होत नाहीं, ऐवज मात्र हातचा जातो.

पाटी बदलण्याचा सल्लाहि असाच. एका नमुन्याच्या सर्व डिस्कांच्या पाट्या जोंपर्यंत अगदीं सारख्या होत्या, तोंपर्यंत जळलेली पाटी काढून दुसरीची बसविली कीं काम भागत असे. पुढें प्रत्येक डिस्कच्या हेडांचे गुणदोष कारखान्यांत मोजून ते तिच्याच पाटीवरील एका चिपेंत नोंदण्याची रीत पडली. परक्या पाटीस ते गुणदोष ठाऊक नसतात. पेटी फोडण्याचा सल्ला अद्याप कांहीं पेट्यांस लागू पडतो. परंतु कित्येक अडीच इंची पेट्यांत यू.एस.बी.चें तोंड डिस्कच्या पाटीवरच बसविलेलें असतें, आणि कांहीं पेट्यांतील पाटी सर्व मजकूर गुप्तलिपींत लिहिते. अशी पेटी फोडली तर हातीं चकती लागते, अर्थ लागत नाहीं. राहिला फ्रीजचा सल्ला. आकुंचनानें अडकलेला भाग क्वचित् सुटला असेल. परंतु थंड डिस्क बाहेर काढतांच दमट हवेंतील बाष्प तिच्यावर जमतें, आणि कांहीं नॅनोमीटरांवर तरंगणाऱ्या हेडास पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर होय. कोंकणांतल्या पावसाळ्यांत हा प्रयोग करणें म्हणजे आगीतून निघून फोफाट्यांत पडणें आहे.

आणखी एक फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. १९८० नंतरच्या दशकांत नव्या डिस्कवर एक कागद चिकटविलेला असे व चकतीवरील कोणत्या जागा मुळांतच सदोष आहेत, याची यादी त्यावर असे. दोष उघड असे. मालक ती यादी संगणकास सांगे व त्या जागा वगळल्या जात. आज ही यादी डिस्कच्या आंत लपलेली असते. सदोष सेक्टर आढळला कीं डिस्क गुपचुप राखीव जागेंतील दुसरा सेक्टर त्याच्या जागीं लावते. म्हणून त्या काळीं चार सदोष जागा असणें ही सामान्य गोष्ट होती. आज तेच चार दोष नव्यानें उघडे पडूं लागले तर तो गंभीर इशारा समजावा. लक्षण तेंच असलें तरी त्याचा अर्थ बदलला आहे.

३

इतिहासाच्या अभ्यासकास साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची संवय असते. एक पत्र दुसऱ्याशीं जुळत नसलें, तर कोणता लेखक चुकला हें ठरविण्यापूर्वीं तो नकलकार, तारीख, शाई व कागद हीं सर्व तपासतो. लहरी डिस्कचें निदानहि याच मार्गानें करावें लागतें. डिस्क बिघडली असें आपण म्हणतों, तेव्हां वस्तुतः आपण पांच-सहा साक्षीदारांची एकत्रित जबानी ऐकत असतों : संगणक, त्याचें यू.एस.बी.चें तोंड, केबल, वीज, पेटींतील मध्यस्थ पाटी, मजकुराची मांडणी, आणि सर्वांच्या शेवटीं खुद्द हेड व चकती. यांतील एकच खोटें बोलत असतें. कोणतें, हें एका वेळीं एकच साक्षीदार बदलून पाहिल्यावांचून कळत नाहीं. एकदम सर्व बदलून डिस्क चालली, तर ती कशामुळें चालली हें कायमचें अज्ञात राहतें.

प्रथम केबल बदलावी. ती सर्वांत स्वस्त, सर्वांत अधिक वांकविली जाणारी आणि म्हणून सर्वांत अधिक संशयित. नंतर संगणकाचें दुसरें तोंड व नंतर दुसरा संगणक घ्यावा; मध्यें अनेक तोंडांचा जोडपट्टा असेल तर तो काढून टाकावा. त्यानंतर विजेचा विचार. यू.एस.बी.च्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तींत एका उपकरणास ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज घेण्याची मुभा होती. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत ती ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट झाली. अडीच इंची डिस्कची मोटर एकदां फिरूं लागली म्हणजे तिला थोडी वीज पुरते, परंतु स्थिर चकती गतिमान करतांना ती क्षणभर सुमारें एक अँपिअरपर्यंत मागूं शकते. जुन्या संगणकाच्या तोंडानें किंवा पातळ, लांब केबलीनें ती मागणी पुरविली नाहीं, तर डिस्क फिरूं लागते, थकते, थांबते व पुन्हां प्रयत्न करते. त्या वेळीं येणारा टक् टक् आवाज मरणाचा नसून उपासमारीचा असूं शकतो. याच कारणासाठीं एके काळीं दोन शेंड्यांच्या केबली मिळत, दोन तोंडांतून वीज घेणाऱ्या. मोठ्या साडेतीन इंची पेटीस स्वतःचा १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. तेथें पुरवठा करणारा अडाप्टरच थकलेला असणें ही नेहमींची गोष्ट आहे.

हे बाहेरचे साक्षीदार निर्दोष ठरल्यावर मजकुराच्या मांडणीकडे वळावें. चालू लिखाण संपण्यापूर्वीं केबल उपटली, तर चकतीस कांहीं एक इजा न होतां अनुक्रमणिका अर्धवट राहते व संगणक डिस्क वाचावयाचें नाकारतो. हा रोग पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा, कागदाचा नव्हे. शिवाय मंदपणा म्हणजे आजार असेंहि धरूं नये. २०१३ पासून कौलांप्रमाणें एकावर एक रेषा चढवून लिहिणाऱ्या डिस्का बाजारांत आल्या. त्यांत एक जागा पुन्हां लिहावयाची तर शेजारच्या पुष्कळ जागा पुन्हां लिहाव्या लागतात. म्हणून मोठ्या नकलेच्या वेळीं त्या मध्येंच अडखळतात. तो त्यांचा स्वभाव आहे.

एवढें करूनहि दोष राहिला, तर तो चकतीचा किंवा हेडाचा मानावा. येथें पायऱ्यांचा क्रम प्राणाइतका महत्त्वाचा आहे. आवाज खरवडण्याचा असेल अथवा पुरेशी वीज असतांहि नियमित टक् टक् चालू असेल, आणि ऐवज दुसरीकडे नसेल, तर डिस्क तत्क्षणीं बंद करावी व स्वच्छ दालनांत काम करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्यावी. घरांत ती उघडूं नये. धुळीचा एक कण पुरतो. डिस्क रडतखडत कां होईना वाचली जात असेल, तर आधीं अत्यंत मोलाच्या फाईली काढाव्या, मग सबंध डिस्कची नक्कल करावी. वाईट जागेशीं हट्ट न करतां ती ओलांडून पुढें जाणारी व मागाहून परत येणारी आज्ञावली यासाठीं मिळते. दुरुस्ती करणारी आज्ञावली मात्र नकलेवर चालवावी, मूळ डिस्कवर कधींहि नाहीं. कारण दुरुस्ती म्हणजे लिहिणें, आणि मरणोन्मुख साक्षीदाराच्या जबानीवर आपण आपलें लिहिलें, म्हणजे पुरावाच नष्ट झाला.

४

कोणी विचारील कीं, डिस्क स्वतःचें दुखणें स्वतः सांगत नाहीं काय? सांगते. १९९० नंतरच्या दशकांत ‘स्मार्ट’ या नांवाची आत्मपरीक्षणाची व्यवस्था डिस्कांत आली. किती सेक्टर बदलले, किती संशयित म्हणून प्रलंबित आहेत, तापमान किती, हें सर्व ती नोंदते. ही रोजनिशी अवश्य वाचावी. परंतु आत्मचरित्राकडे इतिहासकार ज्या सावधगिरीनें पाहतो, तीच येथेंहि हवी.

फेब्रुवारी २००७ मध्यें एका परिषदेंत दोन निबंध वाचले गेले. योगायोगाची गोष्ट अशी कीं, ती परिषद पहिल्या चकतीचें जन्मस्थान जें सॅन होझे, तेथेंच भरली होती. पहिला निबंध गूगल कंपनींतील एदुआर्दो पिन्हेरो व त्यांचे दोन सहकारी यांचा. त्यांनीं एक लक्षाहून अधिक डिस्कांचा अभ्यास केला होता. पृष्ठभागाच्या तपासणींत पहिला दोष आढळल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. म्हणजे रोजनिशींत वाईट बातमी असेल तर ती खरी मानावी. परंतु बंद पडलेल्यांपैकीं ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकहि आधीं दाखविलें नव्हतें. म्हणजे रोजनिशी निरोगी आहे यावरून डिस्क निरोगी ठरत नाहीं. उष्णतेनें डिस्क मरते ही सर्वमान्य समजूतहि त्यांना फारशी खरी आढळली नाहीं. अगदीं अधिक तापमानाखेरीज तिचा पुरावा मिळाला नाहीं.

दुसरा निबंध कार्नेगी मेलन विद्यापीठांतील बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांचा. कारखानदार आपल्या पत्रकांत दहा ते पंधरा लक्ष तासांचें सरासरी आयुष्य छापतात. दहा लक्ष तास म्हणजे ११४ वर्षें. एवढें आयुष्य कोणत्याहि डिस्कला नसतें हें उघड आहे. त्या आंकड्याचा अर्थ इतकाच कीं, वर्षाकाठीं शेंकडा ०.८८ डिस्का बिघडाव्या. प्रत्यक्षांत बदलाव्या लागणाऱ्या डिस्कांचें प्रमाण बहुधा शेंकडा २ ते ४ व एके ठिकाणीं १३ पर्यंत आढळलें. शिवाय तें प्रमाण पहिल्या एक-दोन वर्षांनंतर स्थिर न राहतां वयाबरोबर वाढतच जात होतें. पत्रक म्हणजे बखर, आणि दुरुस्तीच्या नोंदी म्हणजे अस्सल कागद. दोहोंत विरोध आला तर कोणावर विश्वास ठेवावा, हें राजवाड्यांच्या महाराष्ट्रास सांगावयास नको.

कधीं कधीं एक सबंध नमुनाच दुबळा निघतो. ज्या आय.बी.एम. कंपनीनें चकतीस जन्म दिला, तिच्याच २००० सालच्या डेस्कस्टार ७५ जी.एक्स.पी. या नमुन्यासंबंधीं इतक्या तक्रारी झाल्या कीं, २००१ सालीं कॅलिफोर्नियांत ग्राहकांनीं तिच्यावर सामुदायिक दावा लावला. यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, एकाच दिवशीं घेतलेल्या एकाच नमुन्याच्या दोन डिस्का या दोन साक्षीदार नव्हत. त्या एकाच घरांतील जुळीं भावंडें होत, आणि त्यांना एकच दुखणें होऊं शकतें.

५

चकतीच्या चिवटपणाचें एक विलक्षण उदाहरणहि नमूद केलें पाहिजे. १ फेब्रुवारी २००३ रोजीं ‘कोलंबिया’ हें अमेरिकन अंतराळयान पृथ्वीवर परततांना आकाशांतच विदीर्ण झालें. कर्नाल येथें जन्मलेल्या कल्पना चावला यांसह सात अंतराळवीर त्यांत मरण पावले. यानांत झेनॉन या वायूच्या दाटपणासंबंधींचा एक प्रयोग होता. त्याचा कांहीं वृत्तांत बिनतारी मार्गानें खालीं आला होता. उरलेला ४०० मेगाबाइटच्या एका हार्ड डिस्कवर होता. अवशेषांत ती डिस्क काळवंडलेली, वितळलेली अशी सांपडली. पाटी जळली होती, झांकणाची फट उघडी पडून आंत माती शिरली होती. तरी चकत्या शाबूत होत्या, आणि जेथें ओरखडे पडले होते तेथें सुदैवानें मजकूर नव्हता. जॉन एडवर्ड्स या अभियंत्यानें त्या चकत्या धुऊन दुसऱ्या पेटींत बसविल्या व सुमारें ९९ टक्के मजकूर परत मिळविला. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले.

ही हकीगत ऐकून कित्येकांस वाटतें कीं, गेलेलें सर्व परत मिळतें. त्याच अवशेषांत आणखी दोन डिस्का सांपडल्या होत्या व त्यांतून कांहींहि हातीं लागलें नाहीं, हा तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. ज्या एका डिस्कचें नशीब बलवत्तर, तिची कथा होते. बाकीच्या मुक्या राहतात. ऐतिहासिक साधनांचेंहि असेंच आहे. जे कागद उरले त्यांवरून आपण इतिहास लिहितों, आणि उरणें हाच कागदांचा नियम असावा असें नकळत मानूं लागतों.

आपल्या पूर्वजांपाशीं यावर एकच उपाय होता आणि तो अद्याप जुना झालेला नाहीं : नकला. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज नाहीं, पण ग्रंथ आहे. कारण तो असंख्य हातांनीं उतरला. नकलांत पाठभेद शिरले तेव्हां शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं सुमारें १२५९ हस्तलिखितें विचारांत घेतलीं. १९१९ सालीं आरंभिलेलें तें कार्य १९६६ सालीं पुरें झालें. या दोन्ही उदाहरणांत दोन भिन्न गोष्टी आहेत व दोन्हींची गरज आहे. नकला अनेक असाव्या ही पहिली, आणि त्या एकमेकींशीं ताडून पाहाव्या ही दुसरी. डिस्कच्या बाबतींत आपण पहिली अर्धीमुर्धी करतों व दुसरी मुळींच करीत नाहीं. नक्कल केली ती उघडते कीं नाहीं हें पाहत नाहीं, आणि मूळ डिस्क बिघडल्यावर नक्कलहि अपुरी असल्याचें कळतें. वास्तविक दोन फाईली अक्षरशः एक आहेत कीं नाहींत, हें संगणक त्यांच्या ठशांची तुलना करून थोडक्या वेळांत सांगतो. एकनाथांना ज्या कामीं डोळे शिणवावे लागले, तें काम आज यंत्र करतें. आपण फक्त त्याला तें सांगत नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं अशी पेटी आहे त्यांनीं तिला तिजोरी समजूं नये. ती वाहन आहे; ऐवज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यासाठीं उत्तम, परंतु त्याला कायमचें घर म्हणून अयोग्य. मोलाच्या प्रत्येक वस्तूच्या तीन नकला असाव्या, त्या भिन्न कंपन्यांच्या साधनांवर असाव्या, त्यांतील एक तरी दुसऱ्या घरीं, शक्य तर दुसऱ्या गांवीं असावी, आणि वर्षांतून एकदां त्या ताडून पाहाव्या. पेटी रुसली तर घाबरून सल्ल्यांच्या मागें लागण्यापूर्वीं प्रत्येक सल्ल्यास त्याची जन्मतारीख विचारावी. आणि ज्या संशोधकांच्या पेटींत एखाद्या वाड्याच्या माळ्यावरील मोडी दप्तराची एकुलती एक प्रतिमा आहे, त्यांस आणखी एक विनंति. मूळ कागद वाळवीच्या तोंडीं आहे व प्रतिमा एकाच चकतीवर आहे, अशा स्थितींत ती स्वतःपाशीं राखून ठेवणें म्हणजे जपणें नव्हे. ती आणखी चार जणांच्या हातीं देणें हेंच तिचें रक्षण होय.